नक्षी ठेवली, चौक पाडला

पुण्यात जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या जाहिरातींत अधूनमधून 'पेशवाई शैली' असे शब्द भेटतात. खाली पार्किंग, वर सात मजले, फाटकावर महिरप आणि बाल्कनीच्या कठड्याखाली फायबरमध्ये ओतलेली केळफुलं. हसून सोडून द्यावं असाच हा प्रकार. पण बिल्डरला एकट्याला दोष का द्यायचा? घराची शैली ओळखायला आपणही असंच शिकलो आहोत. सुरूचे खांब दिसले की वाडा, शिंपल्यांची तावदानं दिसली की गोव्याचं घर, कोपरा गोलाईचा असला की आर्ट डेको. खुणा पाठ केल्या की ओळख झाली. मग त्या खुणा सोडवून दुसरीकडे चिकटवल्या तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते हे की त्या खुणांवरून घर कळतच नाही. मला विचाराल तर घरासमोर उभं राहून दोनच गोष्टी विचाराव्यात: पावसाचं पाणी कुठे जातं, आणि बाहेरचा माणूस कुठे थांबतो?

वाड्याचंच घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, 1807 मध्ये बांधून झालेल्या विश्रामबागवाड्याची रस्त्याकडची लाकडी सज्जांची बाजू पुस्तकांत, कॅलेंडरांवर सगळीकडे असते, आणि ती देखणी आहेच. पण बहुतेक वाडे रस्त्याकडे इतके मोकळे नव्हते. खाली दगडी जोतं, वर विटांची भिंत, तळमजल्याला खिडक्या बेताच्याच. उजेड, वारा आणि पाणी यायचं ते चौकात. चौकाभोवतीच्या खोल्या लांबट आणि अरुंद असत, कारण तुळईला जेवढा पल्ला झेपेल तेवढीच रुंदी मिळायची. म्हणून घर मोजायचं ते खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या गाळ्यांत. खांबावर केळफूल असो वा नसो, खण आणि चौक असला की तो वाडा. आणि हे दोन्ही नसताना केळफुलं शंभर असली तरी ती सोसायटीच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा अडचणीचं आहे. दिंडी दरवाजा, देवडी, सदर, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर हा क्रम नुसत्या सोयीचा नव्हता. कुणी दिंडीबाहेरूनच बोलायचं, कुणी ओसरीवर टेकायचं, कुणी माजघरापर्यंत यायचं, हे जात आणि नातं पाहून ठरे. घरातल्या बायकांचा दिवस माजघराच्या अंधारात जाई आणि मैला उचलणाऱ्याची वाट निराळी असे. 'पेशवाई शैली' म्हणताना यातलं काहीच आठवत नाही, कारण महिरपीत ते दिसत नाही. वाड्याबद्दल हळहळणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच) हा नकाशा एकदा नीट पाहावा. चौक सुंदर होता आणि त्या चौकापर्यंत सगळ्यांना येता येत नव्हतं. दोन्ही खरं आहे.

घाट उतरून कोकणात गेलं की पहिला प्रश्न दुसऱ्याला मागे सारतो. तिथे सगळं घर छपरासाठी उभं असतं. चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, आणि पावसाची झड आतल्या भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून पुढे-मागे पडवी. हे लाल छप्पर आपण अगदी पुरातन समजतो. पण एखादं जुनं मंगलोरी कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव ठशात उमटलेलं सापडेल. बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो 1865 मध्ये. त्याआधी कुंभाराच्या हातची नळीची कौलं किंवा गवताचं शाकार. म्हणजे कोकणी घराची सर्वांत ठळक खूण परदेशी मिशनऱ्यांच्या कारखान्यातून आली, आणि तरीही घर कोकणीच राहिलं. उतार राहिला, पडवी राहिली, म्हणून.

पुढे मुंबईच्या पैशातून स्लॅबची घरं आली. सपाट स्लॅब दोन-चार पावसाळ्यांत गळायला लागला की त्यावर लोखंडी अँगल उभे करून पत्रे घातले जातात, उतरते. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव दिसणारं हे रूप कुठल्याही शैलींच्या पुस्तकात नाही. मला मात्र ते फायबरच्या केळफुलांपेक्षा शंभरपट अस्सल वाटतं. पावसाने आपला उतार परत मागून घेतला आहे.

सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद याच्या अगदी उलट. पाऊस बेताचा, म्हणून लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असलेलं सपाट छत. उन्हाळ्यात रात्री झोपायला, एरवी वाळवणाला. तिथे कौलारू उतार बांधणं हौसेचंच ठरलं असतं.

मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये, शेजारच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. तिथेही गोल कोपरे आणि रंगीत पट्टे सगळे दाखवतात. खिडक्यांवरून सलग धावणारा छज्जा ऊन-पाऊस अडवतो हे मागे पडतं. आणि इमारतीच्या मागच्या बाजूला गेलात तर अनेक ठिकाणी नोकरांसाठीचा वेगळा जिना दिसेल. शैली नवी, देवडी जुनीच.

नक्षीशिवायही परंपरा चालवता येते हे वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरच्या वसाहतीत दाखवलं. साधी उतरती छपरं, सात-सात घरांचा पुंजका आणि मध्ये सामाईक अंगण. प्रत्येक घर सुटं, म्हणजे ऐपतीप्रमाणे वाढवता यावं. लोकांनी ती घरं पुढे इतकी बदलली की मूळची ओळखू येत नाहीत. अंगणांची मांडणी मात्र ओळखू येते. कोरियांच्या कामाचं मोजमाप मी तरी त्यावरून करतो.

तुमचं गावचं घर किंवा शहरातला वाडा पाडायला निघाला असेल तर तो पाडू नका असं सांगण्याचा मला अधिकार नाही. त्यात राहणाऱ्यांचे हाल त्यांनाच ठाऊक. पण दर्शनी भागाचा फोटो काढून थांबू नका. टेप घेऊन खण मोजा, जोत्यापासून आढ्यापर्यंतचा छेद कागदावर उतरवा, पाणी कुठून कुठे जात होतं ते बाणाने दाखवा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून कोण कुठे बसायचं आणि कोण कुठपर्यंत यायचं, ते प्रत्येक खोलीवर लिहून ठेवा.