सुकाळातले कर्तव्य

मराठी माणसाने आपल्या आपत्तींची विभागणी फार पूर्वी दोन शब्दांत करून ठेवली आहे : अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येते ती अस्मानी, राजसत्तेकडून येते ती सुलतानी. या जोडशब्दात सोशिकपणा आहे तशी न्यायबुद्धीही आहे. अस्मानीबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही, सुलतानीबद्दल येतो, निदान यायला हवा, अशी ती न्यायबुद्धी. मात्र या दोन शब्दांमधली सीमारेषा स्थिर नसते. मनुष्याचे ज्ञान आणि सामर्थ्य जसजसे वाढते तसतसा अस्मानीचा प्रदेश आक्रसत जातो आणि सुलतानीचा विस्तारतो. पाऊस पडला नाही ही अस्मानी. परंतु पाऊस न पडल्यामुळे कोणाच्या घरची चूल बंद होते आणि कोणाच्या उसाला पाणी मिळतच राहते, हा प्रश्न आभाळाला विचारण्याचा नाही. दुष्काळ व महापूर यांतून राष्ट्राला सावरण्याचे नियोजन हा वरवर प्रशासनाचा विषय दिसतो. मुळात तो नीतीचा आहे, कारण ही सीमारेषा कोठे आखायची हे त्यात ठरत असते.

दुष्काळाविषयीची आपली नैतिक कल्पना ज्या कथेने सर्वाधिक घडवली ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बहामनी राजवटीतील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडली आणि बादशहाच्या रोषातून पुढे विठ्ठलाने त्याला सोडवले, असे परंपरा सांगते. ही कथा ऐकताना आपण दामाजींच्या करुणेने भारावतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे. कोठारात धान्य होते. माणसे मरत होती ती धान्य नव्हते म्हणून नव्हे, ते उघडण्याचा नियम नव्हता म्हणून. ज्या राज्यात भुकेल्याला अन्न मिळण्यासाठी एखाद्या सज्जन अधिकाऱ्याला नियम मोडावा लागतो आणि त्या अधिकाऱ्याला वाचवण्यासाठी देवाला धावून यावे लागते, त्या राज्याच्या व्यवस्थेविषयी कथा काहीच बोलत नाही. दया ही थोर गोष्ट खरी, परंतु दयेवर राष्ट्र उभारता येत नाही.

या कथेशेजारी ठेवावे असे एक उदाहरण नर्मदेच्या परिसरात आहे. १९५६ पर्यंत विदर्भाबरोबर एकाच प्रांतात नांदलेल्या जबलपूरमध्ये अधारताल नावाचा भाग आहे. आज हे नाव औद्योगिक वसाहतीमुळे आणि १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयामुळे ओळखले जाते. नाव मात्र तलावाचे आहे. सोळाव्या शतकात गढ्याच्या गोंड राज्याची धुरा राणी दुर्गावतीकडे होती. तिचा मंत्री अधारसिंह कायस्थ याने हा तलाव बांधला असे मानतात. राणीने राणीताल बांधला, तिच्या दासीने चेरीताल, मंत्र्याने अधारताल, अशी ही परंपरा आहे. राणी, दासी आणि मंत्री या तिघांच्याही नावे एकेक तलाव असावा, यातच एक राज्यविचार आहे. पाणी साठवणे हे कोणा एका खात्याचे काम मानलेले नव्हते.

तलाव ही वस्तू विचार करण्याजोगी आहे. अतिवृष्टीत तो पुराचा वेग सामावून घेतो आणि अवर्षणात तेच पाणी परत देतो. ज्या दोन संकटांसाठी आपण दोन स्वतंत्र यंत्रणा उभ्या केल्या त्या दोहोंना तो एकच उत्तर देतो. त्यासाठी तो एकच गोष्ट मागतो : रिकामी जागा. जे पाणी अजून आलेले नाही त्याच्यासाठी जमिनीचा एक तुकडा मोकळा ठेवणे, हा संयमाचा भाग आहे. कोरड्या वर्षी तलावाच्या पात्रात घरे बांधण्याचा मोह होतो. ओल्या वर्षी त्याच घरांत पाणी शिरते आणि आपण त्याला अस्मानी म्हणतो. आपल्या बहुतेक शहरांचा अलीकडचा इतिहास या एका मोहाचा इतिहास आहे.

आधुनिक शासनाने अस्मानीचे खात्यांत विभाजन केले. केंद्रात दुष्काळ कृषी मंत्रालयाकडे सोपवला गेला, पूर गृह मंत्रालयाकडे. पूर स्वतःच येऊन उभा राहतो. दुष्काळ मात्र जाहीर व्हावा लागतो. अनेक दशके गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली उतरल्याचे कागदावर सिद्ध झाल्याखेरीज त्या गावात दुष्काळ नव्हताच. शेतात असला तरी. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या प्रश्नावर राज्यांना फटकारले, त्यामागे दुष्काळ कबूल करण्यातली हीच टाळाटाळ होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी भरलेली रेल्वेगाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर लातूरला पोहोचली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. ज्या नदीच्या काठाने लातूरची तहान भागवली तोच काठ पाण्याखाली गेला. त्याच महिन्यात मराठवाड्यात मात्र कृत्रिम पावसाचे प्रयोग चालू होते. एकाच राज्यात, एकाच वेळी, दोन परस्परविरोधी आपत्ती. माणूस मात्र खात्यांत विभागलेला नसतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची मुलगी शाळेतून गळते तेव्हा तिची नोंद शिक्षण खात्याच्या गळतीत होते, पाटबंधारे खात्याच्या अपयशात होत नाही. पुरात पीक गेले तर एक हंगाम जातो, माती खरवडून गेली तर एक पिढी जाते. हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडणे म्हणजेच नियोजन.

अशी वही मांडण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लष्करातील व पोलीस खात्यातील शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत आणि डोंगरावरून वाहून जाणारे पाणी व माती शेतात मुरवावी, असे सुचवले होते. ज्या खात्याकडे शेतकरी भीतीने पाहत असे त्यालाच शेताच्या बांधावर कामाला लावण्याची ही कल्पना होती. सुलतानीनेच अस्मानीची परतफेड करावी, इतका तिचा नैतिक आशय स्पष्ट आहे.

याच वाटेवरचे महत्त्वाचे पाऊल महाराष्ट्राने रोजगार हमीच्या रूपाने टाकले. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने हा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आणला. खडी फोडणारी, पाझर तलाव खोदणारी, सुकडी खाऊन दिवस काढणारी माणसे मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख होती. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. दुष्काळ ओसरला, पाऊस पडला, आणि त्यानंतर १९७७ साली विधिमंडळाने हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. याचा अर्थ असा की काम मागणारा माणूस याचक उरला नाही. ज्याने त्याला कधी पाहिले नव्हते असा मुंबईचा कारकूनही त्याचा देणेकरी ठरला. दामाजींनी दयेने जे केले ते येथे कायद्याने केले आणि तेही संकट समोर नसताना. अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ राहिल्या. तरीही दानाचे ऋणात झालेले हे रूपांतर आपल्या सार्वजनिक नीतीतील मोठी घटना आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. दूरदृष्टीच्या नावाखाली नियोजनकर्ते वर्तमानातल्या माणसाचा बळी देतात, असा तो आक्षेप. तो खरा आहे आणि त्याचा पुरावा जबलपूरजवळच आहे. नर्मदेवरील बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. १६२ गावे बाधित झाली, पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वसाहतीदेखील बुडाल्या. धरणही पाण्यासाठी जागा मोकळी करते, तलावही करतो. फरक आकारापुरता नाही. तलावाला जागा देणारा आणि त्याचे पाणी पिणारा बहुधा एकाच गावचा असतो. धरणात जागा एकाची जाते आणि पाणी दुसऱ्याला मिळते. संयम जर नेहमी गोंड आदिवासी आणि छोट्या शेतकऱ्यानेच पाळायचा असेल तर त्याला संयम म्हणता येणार नाही, ती सुलतानीच.

या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर नियोजन सोडून भागत नाही, त्यात वाटपाचा न्याय आणावा लागतो. पुरंदर तालुक्यातील नायगावच्या माळावर विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे सूत्र साधे होते : पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही. त्यात पाणी वाढवण्याआधी पाण्यावरचा हक्क ठरवला गेला. राष्ट्रीय पातळीवर हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी कामे, मग खर्च, मग लाभार्थी.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील ज्या शिवारांना टँकरची सवय होती ती पुराखाली गेली. अशा वेळी शासनाने तातडीने मदत द्यावी यात वाद नाही. भुकेला माणूस तत्त्वचर्चेची वाट पाहू शकत नाही. प्रश्न मदतीनंतरचा आहे. पूर ओसरला की ‘जनजीवन पूर्वपदावर आले’ असे वृत्तपत्रे लिहितात आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण ज्याच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी नव्हते, ज्याच्या मुलीने शाळा सोडली होती, ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा होता, त्याचे पूर्वपद म्हणजे पुढच्या आपत्तीची पूर्वतयारीच होय. त्याला तेथे नेऊन पोहोचवणे म्हणजे सावरणे नव्हे.

म्हणून राष्ट्राची कसोटी आपत्तीच्या वर्षी लागते हा समज अपुरा आहे. त्या वर्षी सारेच धावतात. दूरचित्रवाणी धावते, दानशूर धावतात, मंत्रीही धावतात. खरी कसोटी ज्या वर्षी पाऊस वेळेवर पडतो, पिके उभी असतात आणि कोणी काही मागत नाही, त्या वर्षी असते. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात गाळ काढण्यासाठी तरतूद आहे की नाही, नदीच्या पूररेषेतील भूखंडावर बांधकामाची परवानगी नाकारली गेली की नाही, शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचले की नाही, या तीन नीरस प्रश्नांची उत्तरे पुढच्या दुष्काळात कोण जगेल हे ठरवत असतात.