रडण्याचे झाड

रिबका सासरी निघाली तेव्हा तिची दाई बरोबर गेली. तेथे शास्त्र दाईचे नाव देत नाही (उत्पत्ति २४:५९). नाव कळते ते ती मेल्यावर: दबोरा (३५:८). तिला बेथेलजवळ झाडाखाली पुरले, आणि त्या झाडाचे नावच 'रडण्याचे झाड' पडले. खुद्द रिबका केव्हा मेली, हे मात्र शास्त्र सांगत नाही!

आम्हां इंद्रवेल्लीकरांची लेकरे पावसाळ्यात तापाने फणफणतात. दवाखान्यातली सिस्टर उशाशी रात्र काढते. लेकरू बरे झाले की आम्ही मंडळीत साक्ष देतो, डॉक्टरांचे नाव घेतो. तिचे नाव विचारले होते काय? मुलांच्या वॉर्डात जन्म घालवून ती निवृत्त होते, तेव्हा निरोपाला आमच्यातले कोण जाते?

येत्या रविवारी तिच्यासाठी नावानिशी प्रार्थना करू. त्याआधी जाऊन नाव विचारून येऊ.