पंगतीला कोण कोण?

आमच्या हिंगोलीकडे कुणाला हार्ट अटॅक आला, की भेटायला आलेले हळूच म्हणतात, "जिभेवर ताबा नव्हता." हा निकाल मला घाईचा वाटतो.

कारण आपण एकटे जेवत नाही. शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत, बहुतेक मोठ्या आतड्यात. मांस आणि अंड्यांमधल्या काही घटकांपासून ते टीएमए बनवतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं. रक्तातलं टीएमएओ आणि हृदयविकार यांचा संबंध अमेरिकेत स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवला. 2013 मध्ये त्यांनाच दिसलं, की मांसातलं कार्निटीन पोटात गेल्यावर नेहमी मांस खाणाऱ्यांत टीएमएओ वाढतं, वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्यांत फारच कमी.

म्हणजे आजच्या घासाचं काय होणार, हे आधीच्या हजारो घासांनी ठरवलेलं असतं. ते घास कुणी ठरवले? घराने, ऐपतीने, शिवाराने. ज्वारी-तुरीतला चोथा या जिवाणूंचं अन्न; पण आमच्या खरिपात आता सोयाबीनच सोयाबीन.

मग माणूस मोकळा? नाही. दोष एकट्याचा नसला, तरी उद्याचं ताट वाढणं आपल्याकडे उरतंच.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावलेले नामदेव आमच्याच नर्सीचे मानतात. त्यांना कुत्राही परका वाटला नाही. पोटातले पाहुणे तर घरचेच. त्यांना काय वाढायचं, हा प्रश्न पथ्याचा कमी आणि यजमानधर्माचा जास्त आहे.