अनुमान आणि साक्ष: अँटनी फ्लू यांच्या मतांतराच्या निमित्ताने

तत्त्वचिंतकाच्या विचारांचे मूल्यमापन करताना त्याचे चरित्र विचारात घ्यावे काय? सदोष युक्तिवाद कर्त्याच्या सचोटीने निर्दोष ठरत नाही आणि निर्दोष युक्तिवाद त्याच्या वार्धक्याने बाधित होत नाही. तरीही धर्माच्या तत्त्वज्ञानात चरित्राला वारंवार पुराव्याचे स्थान दिले जाते. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू (१९२३–२०१०) यांची कारकीर्द या दृष्टीने विचारार्ह आहे.

मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे पुत्र असलेले फ्लू किशोरवयातच निरीश्वरवादी झाले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थिऑलॉजी अँड फॉल्सिफिकेशन’ या छोट्या निबंधात त्यांनी श्रद्धावंतांना एकच प्रश्न विचारला: काय घडले असता आपण आपले विधान मागे घ्याल? कशानेही नाही, असे उत्तर असेल, तर ते मुळी विधानच नव्हे. कील, रेडिंग आदी विद्यापीठांत अध्यापन करीत त्यांनी निरीश्वरवादाचा पक्ष अर्धशतक मांडला. २००४ मध्ये मात्र, डीएनएच्या जटिलतेचा दाखला देत, त्यांनी बुद्धिमान आदिकारण मान्य केले. ईश्वरी प्रकटीकरण व मरणोत्तर जीवन त्यांनी तेव्हाही स्वीकारले नाही.

२००७ मध्ये रॉय अब्राहम वर्गीस यांच्यासह त्यांच्या नावे ‘देअर इज अ गॉड’ हे प्रथमपुरुषी निवेदनाचे पुस्तक निघाले. प्रत्यक्ष लेखन वर्गीस यांनी केल्याचे फ्लू यांनी एका पत्रकाराला सांगितले. पुढे, पुस्तकातील विचार आपलेच आहेत, असेही निवेदन केले.

येथे न्यायदर्शनातील प्रमाणभेद उपयोगी पडतो. अनुमान कोणी केले याला महत्त्व नसते. हेतू निर्दोष असला की पुरे. शब्दप्रमाण मात्र आप्तावर, म्हणजे वक्त्याच्या विश्वसनीयतेवर, उभे असते. लेखकाच्या मृत्यूची घोषणा म्हणूनच युक्तिवादाला मानवते, साक्षीला मानवत नाही. फ्लू यांच्या मतांतराचा गाजावाजा झाला तो साक्ष म्हणून. आस्तिकांनी त्यांना साक्षीदार केले, टीकाकारांनी साक्षीदाराच्या स्मृतीची उलटतपासणी केली. जटिलतेवरून कर्ता सिद्ध होतो काय, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

मग या कारकिर्दीला नैतिक अर्थच नाही काय? आहे. इतरांना विचारलेला प्रश्न फ्लू यांनी स्वतःलाही लागू केला आणि ऐंशी वर्षांचे झाल्यावर आपले विधान मागे घेतले. त्यावरून ईश्वराविषयी काहीच सिद्ध होत नाही. विचार करणाऱ्याचे विचाराशी असलेले इमान मात्र त्यातून दिसते. आणि त्या इमानाचा आदर करावयाचा, तर त्याच्या निष्कर्षाचीही तितकीच कठोर चिकित्सा करावयास हवी.