‘खचणारच’ म्हणण्यापूर्वी

आपल्या नित्याच्या बोलण्यात काही वाक्ये अशी असतात, की ती सहानुभूतीच्या सुरात उच्चारली जातात आणि तरीही माणसाला एकटे पाडतात. ‘पाय गेला बिचाऱ्याचा, मन खचणारच,’ हे त्यांपैकी एक. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु ‘खचणारच’मधल्या त्या ‘च’ने एक निवाडा होऊन जातो. दुःख एकदा स्वाभाविक ठरले, की त्यावर उपाय शोधण्याची जबाबदारी संपते. धडधाकट माणसाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तर घरचे त्याला डॉक्टरांकडे नेतात. अपंग माणसाची तीच लक्षणे त्याच्या अपंगत्वाच्या खात्यावर मांडली जातात. दुसऱ्याचे दुःख त्याला न विचारताच आपल्याला कळले, असे मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा प्रश्न वैद्यकाचा आहे, त्याहून अधिक नीतीचा आहे.

संगमेश्वर तालुक्याचेच उदाहरण घेऊ. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरील या गावाजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो, कोकण रेल्वेही जाते. प्रवाशाला वाटावे, येथून काय दूर आहे? पण तालुका म्हणजे महामार्ग नव्हे. तालुका म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, दगडी पाखाड्या, पऱ्यावरचे साकव आणि पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या पायवाटा. समजा, अशा एका वाडीत अपघाताने पाय गमावलेला तरुण आहे. भाऊ मुंबईला, घरी वृद्ध आई. कित्येक महिने तो पडवीतून हललेला नाही. त्याला बाहेर न्यायचे, तर चौघांनी उचलून पाखाडी उतरवायची, मग रिक्षा, मग एस.टी. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. इतकी वर्षे ते दार उघडे आहे. परंतु दार उघडे असणे वेगळे आणि दारापर्यंत पोहोचता येणे वेगळे.

शिवाय अंतर केवळ मैलांत मोजायचे नसते. ऐकू न येणारी मुलगी आईसोबत डॉक्टरांसमोर बसते, तेव्हा प्रश्न आईला विचारले जातात आणि उत्तरेही आईच देते. मुलीचे दुःख कदाचित घरातलेच असेल; ते तिने कोणत्या भाषेत, कोणासमोर मांडावे? २०२२ साली केंद्र शासनाने ‘टेली मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. ही मोठीच सोय आहे; परंतु दूरध्वनीवरचा धीर ज्याला ऐकू येते त्याच्यासाठी. आणि मतिमंद मुलगा एकाएकी आदळआपट करू लागला, तर ‘तो तसाच आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. त्याला कशाची भीती वाटली असेल, हा विचार आपल्याला शिवत नाही.

कायदा मागे राहिलेला नाही. २०१६ सालच्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून त्यांत मानसिक आजारही आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने तर प्रत्येकाला उपचारांचा हक्क दिला. ते परवडणारे हवेत, राहत्या ठिकाणापासून पोहोचण्याजोगे हवेत, आणि अपंगत्वामुळे त्यांत भेदभाव होता कामा नये. हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते शासनाकडून मागितलेच पाहिजे. पण पडवीतल्या त्या तरुणाच्या वतीने मागणार कोण? त्याचे मौन प्रथम शेजाऱ्यालाच दिसते.

येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही डॉक्टर नाही. अर्धवट ज्ञानाने भलतेच व्हायचे.’ हा आक्षेप खरा आहे. नवस आणि अंगारे यांत उपचारांची मोलाची वर्षे गेल्याची उदाहरणे आपण पाहतो. दुसरा आक्षेपही खराच: लहान गावात मदतीची चर्चा होते, आणि एका घराची व्यथा बाजाराच्या दिवशी सर्वांच्या तोंडी होते. म्हणूनच शेजाऱ्याच्या कर्तव्याला सीमा हवी. उपचार करणे हे त्याचे काम नव्हे. विचारणे, सोबत जाणे आणि ऐकलेले पोटात ठेवणे, एवढेच त्याचे काम.

एवढ्याने काय साधते, हे बेल्जियममधील गेल या गावाने दाखविले आहे. तेथील संत डिम्फ्नाच्या मंदिरात मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणले जाई. गावातील कुटुंबांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले आणि ती प्रथा शतकानुशतके चालली. विसाव्या शतकात एके काळी असे तीन हजारांहून अधिक पाहुणे गावात नांदत होते. औषधोपचार डॉक्टर करीत. कुटुंबे त्यांना जेवणाच्या पंगतीत जागा देत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. याच तालुक्यातील देवरुखला १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी दोन खाटांच्या प्रसूतिगृहाने ‘मातृमंदिर’ सुरू केले. अडलेल्या बाईने शहर गाठावे असे न म्हणता त्यांनी मदतच तिच्याजवळ आणली. प्रसूतीच्या वेदनेला आपण ‘असणारच’ म्हणून वाऱ्यावर सोडीत नाही. मग मनाच्या वेदनेला का सोडावे?

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना हे अवघड नाही. वाडीतील अशा घराची दखल घ्यावी, घरच्यांच्या आणि त्याच्या संमतीने आशा सेविकेला सांगावे, पाखाडी उतरवायला चार खांदे द्यावेत, दवाखान्याबाहेर थांबावे. पण या सर्वांआधी एक करावे. त्याच्या आईला न विचारता, त्याच्याच शेजारी पडवीत बसून, त्याला समजेल त्या भाषेत किंवा खुणेने त्यालाच विचारावे, ‘कसे वाटते आहे तुला?’ आणि मग उत्तर येईपर्यंत उठू नये.