वाटेची शिदोरी



८ सप्टेंबर, पवित्र मरियेचा जन्मदिन, जवळ आला की हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी पायी निघणाऱ्या मित्रांची तयारी आपण पाहतो. बूट, बॅटरी, गोळ्या, चार्जर... पिशवी रोज फुगतच जाते!

प्रभू येशूने बारा जणांना दोघे-दोघे करून पाठवले (मार्क ६:७-९). काठी आणि चपला चालतील. भाकरी, झोळी, पैसे नकोत. पायांची काळजी त्याने घेतली, भूक मात्र परक्यांच्या दारावर सोपवली. आपल्याला हेच जड जाते. देणे सोपे असते, घेताना मान खाली जाते.

कन्हेरीशेजारच्या काटेवाडीत तुकोबांच्या पालखीसाठी परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. वाटेवरच्या गावांत वारकरी संकोच न करता पंगतीला बसतात. हे आपण त्यांच्याकडून शिकावे, असे आम्हांला वाटते.

प्रत्येक गटात एखादा असतो, ज्याच्याजवळ खर्चाला पैसे नसतात आणि तो ‘रजा नाही’ एवढेच सांगतो. निघण्याआधी दोघांनी त्याच्या घरी जावे. आधी त्याच्या घरचा चहा घ्यावा, खर्चाचे मग बोलावे.