पुलाखालची बाजारपेठ

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा जिल्ह्यातून आडवा जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 6 होता, आता 53 आहे. भंडारा मागे पडले की लाखनी लागते, मग साकोली. दोन्ही गावांची बाजारपेठ या रस्त्याच्या आधाराने वाढली. ट्रकवाला चहाला थांबायचा, एसटीतला प्रवासी पानठेल्यावर उतरायचा, नागझिऱ्याला निघालेली गाडी पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायची. अलीकडे दोन्ही गावांवरून उड्डाणपूल गेले. पूल हवेच होते. शाळकरी पोरांनी भरधाव ट्रकांमधून वाट काढायची, हे किती दिवस चालवून घेणार? पण आता वाटसरू दुकानांच्या डोक्यावरून जातो. खाली उरला सर्व्हिस रोड, पुलाचे खांब आणि आजूबाजूच्या खेड्यांतून येणारे गिऱ्हाईक.

अशा वेळी व्यापाऱ्यांची बैठक बसते. धंदा बसला, नगरपंचायतीने काहीतरी करावे, असे एकमताने ठरते आणि निवेदन जाते. बैठकीत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: खाली उरलेले आपण सगळे मिळून काय करणार आहोत?

हा प्रश्न टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजाररस्त्यावरच्या दुकानदारांना स्वतःलाच विचारावा लागला होता. 1960 च्या दशकात तिथली भुयारी रेल्वे पश्चिमेकडे वाढली. तोवर ट्रामने येणारी माणसे दुकानांसमोर उतरत; ती आता जमिनीखालून जाऊ लागली. त्यात उपनगरांतल्या मॉलची भर. आपल्याकडे गिऱ्हाईक वरून गेले, त्यांच्याकडे खालून. दुकानदारांनी आधी स्वखुशीची वर्गणी करून पाहिली. काहींनी दिली, काहींनी दिली नाही. दिवे आणि झाडे मात्र सगळ्यांच्याच दारापुढे लागणार होती. म्हणून त्यांनी कायदा मागितला आणि 1970 मध्ये या प्रकारची जगातली पहिली संस्था उभी राहिली. हद्दीतल्या प्रत्येक धंद्यावर एक छोटा कर बसला. तो महापालिकेने मालमत्ता कराबरोबर वसूल करायचा आणि जसाच्या तसा त्या रस्त्याच्या मंडळाला द्यायचा. खर्च कशावर करायचा हे मंडळ ठरवणार. आज एकट्या टोरंटोत अशी ऐंशीहून अधिक मंडळे आहेत.

यातले दिवे आणि बाक सोडून द्या, घेण्यासारखी आहे ती सक्ती. आपल्याकडे व्यापारी एकीबद्दल बोलताना सगळा भर मनाच्या मोठेपणावर असतो. माझ्या मते गाडे तिथेच अडते.

कोणत्याही तालुक्याच्या बाजारात नालीवरची फरशी पाहा. मुळात तिथे दुकान संपते. एका कापडवाल्याने फरशीवर एक पुतळा आणून ठेवला, पावसात तो भिजू नये म्हणून वर पत्र्याचे शेड काढले, शेडच्या टोकाला ओढण्या लटकवल्या. शेजारचा भांडेवाला आता रस्त्यावरून दिसेनासा झाला. मग त्याच्या पितळी गुंड्या आणि स्टीलचे डबेही पुढे आले. तिसऱ्याने फ्रीज काढला. महिनाभरात अख्खी ओळ चार फूट पुढे सरकली आणि सगळे पुन्हा होते तितकेच दिसू लागले. बदल झाला तो गिऱ्हाइकापुरता. त्याला चालायला जागा राहिली नाही, मोटारसायकल उभी करायची तर भर रस्त्यात, आणि लेकराला कडेवर घेतलेली बाई भांड्यांचा भाव विचारते ती मागून वाजणाऱ्या हॉर्नकडे कान ठेवून. यात एकाचाही फायदा नाही, हे प्रत्येक दुकानदाराला कळते. तरी एकटा मागे सरकला तर तो एकटाच झाकला जातो. म्हणून कोणी सरकत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा अतिक्रमण हटाव पथक येते, आठवडाभर ओळ सरळ असते, आणि पुन्हा पहिला पुतळा बाहेर येतो.

ही गाठ भल्या माणसांच्या भलेपणाने सुटत नाही. सगळे एकाच दिवशी, एकाच मापाने मागे येतील आणि न येणाऱ्याला भुर्दंड पडेल, अशी व्यवस्था लागते.

सक्तीशिवाय काहीच होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईचा दादाभाई नौरोजी रोड घ्या. सीएसएमटीपासून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या या रस्त्यावरच्या दगडी कमानी दुकानांच्या पाट्यांखाली गडप झाल्या होत्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांचा आकार कसा असावा, त्या कुठे लावाव्यात, याचा आराखडा केला. दुकानदारांशी बोलणी झाली, त्यांनी पाट्या बदलल्या आणि पुढे आपली संघटनाही काढली. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. पण त्या रस्त्याच्या पाठीशी वारसा नियमावली होती, मोठ्या कंपन्यांची दालने होती आणि प्रत्येक दुकानात जाऊन समजावणारी जाणकार बाई होती. साकोलीच्या किराणा ओळीजवळ यातले काय आहे?

पुण्याच्या लक्ष्मी रोडचा अनुभव वेगळा. महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी तिथल्या एका टप्प्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळला. लोक रस्त्याच्या मधोमध चालले, मुले खेळली, आणि पुढची काही वर्षे डिसेंबरात तो सोहळा होत राहिला. सोहळा चांगलाच आहे. पण त्याची मालक महापालिका आहे. रस्त्याचा कारभार दुकानदारांच्या हाती आल्याशिवाय वर्षातला एक दिवस हा एकच दिवस राहतो.

आपल्या भागातल्या माणसांना मिळून काम जमत नाही, असे कोणी म्हणू नये. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. वर्गणी गोळा होते, मांडव पडतो, दंडार होते, रात्रभर नाटक चालते, दुकाने लागतात. त्या वर्गणीला कायद्याचा आधार नसतो. पण कोणी किती दिली हे गावाला ठाऊक असते आणि न देणाऱ्याला वर्षभर ऐकून घ्यावे लागते. ती सक्तीच आहे, फक्त लोकलाजेची. नालीच्या फरशीला लोकलाज लागू पडत नाही, कारण तिथे सगळेच गुन्हेगार आहेत.

जुन्या काळी हा कारभार कोणीतरी पाहत होते. पेशवाईत पेठ वसवायची तर आधी कौल मिळे, काही वर्षे करात सूट असे, आणि पेठेची व्यवस्था, तिथली येणी-देणी शेटे आणि महाजन पाहत. ते वतनदार होते, निवडून आलेले नव्हेत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पेठ हे कारभाराचे स्वतंत्र एकक आहे, ही समज तेव्हा होती. आज नगरपरिषदेच्या नकाशात प्रभाग आहे, बाजाराचा रस्ता नाही. एकाच रस्त्यावरची समोरासमोरची दुकाने दोन प्रभागांत गेली, तर तक्रार घेऊन दोन नगरसेवकांकडे जावे लागते.

म्हणून माझे मागणे असे. बाजाराच्या रस्त्याला स्वतःचे मंडळ काढण्याचा हक्क कायद्याने द्यावा. निम्म्याहून अधिक धंदेवाल्यांनी होकार दिला की वर्गणी सगळ्यांवर लागू. वसुली नगरपरिषदेने करावी, खर्च मंडळाने, हिशेब दरवर्षी चौकात लावावा.

यावर दोन आक्षेप येतील, दोन्ही रास्त. पहिला भाडेकरूंचा. रस्ता सुधारला की मालक भाडे वाढवतो. वर्गणी देणारा एक आणि कमावणारा दुसरा. यावर उपाय म्हणजे वर्गणीचा वाटा मालकावरही टाकणे आणि मंडळात भाडेकरूंना जागा ठेवणे. भाडेवाढ याने पूर्ण थांबेल, असा माझा दावा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुकानदारांच्या हाती रस्ता दिला की त्यांची पहिली नजर हातठेल्यांवर जाते. सुधारणा म्हणजे ठेले हटवणे, हे समीकरण आपल्या व्यापारी संघटनांत पक्के बसलेले आहे. ते धंद्याच्या हिशेबानेही चूक आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी कापड आणि किराणा जास्त खपतो, कारण सांभार-वांगी घ्यायला आलेली बाई त्याच फेरीत पोराचा गणवेश घेऊन जाते. ठेले गेले तर ती फेरी जाते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना दिल्या, त्यांतल्या एक तृतीयांश महिलांना, आणि व्यापारी संघटनांनाही त्याच टेबलाशी बसवले. रस्त्याचे मंडळ याच धर्तीवर व्हावे. ज्या मंडळात ठेलेवाला नाही त्याला कर लावण्याचा हक्कही नसावा.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. लाखनीत किंवा साकोलीत एक ओळ, वीस-पंचवीस दुकाने, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. नालीच्या आतल्या कडेला चुन्याची रेघ मारावी, तारीख ठरवावी, प्रत्येकाने ठराविक अनामत ठेवावी. रेघेबाहेर माल आला की अनामत ओळीच्या झाडलोटीत जमा. उठलेल्या जागेतली थोडी ठेल्यांना नेमून द्यावी, बाकी चालणाऱ्यांना.

भंडारा जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा आहेत: तुमसर, भंडारा आणि साकोली. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, भंडाऱ्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर. व्यापारी संघांनी या वेळी सुशोभीकरणाच्या निधीचे निवेदन घरी ठेवावे आणि आपल्या आमदाराकडे या एका कायद्याची मागणी करावी. सोबत ठेलेवाल्यांचा एक प्रतिनिधी न्यावा.